विहीणबाईंनी गाणं सोडलं
वाचकांचे प्रश्न, मानसोपचारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ६६. आम्ही दोघं मुलाकडे, अटलांटाजवळ राहतो. सून कृष्णवर्णीय, इथलीच. आमचं छान जमतं. तिच्या आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, ७२ वर्षांच्या आहेत. शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. धाकट्या मुलीचा नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडेच वाढतोय. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत.

विहीणबाई चर्चच्या कॉयरमध्ये गायच्या. गेल्या हिवाळ्यापासून जात नाहीत, घसा बसतो म्हणतात. सगळ्यांना आग्रहानं जेवायला घालतात आणि स्वतः दोन घास खाऊन उठतात. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. पाठ दुखते, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दोनदा बदलून दिल्या. नातवावर एकदम ओरडतात आणि मग बराच वेळ गप्प बसून राहतात. विचारलं की म्हणतात, "देवाच्या कृपेनं सगळं ठीक आहे, जरा थकलेय एवढंच." सुनेजवळ विषय काढला तर ती म्हणाली, "आई खंबीर आहे, तिनं याहून वाईट दिवस काढलेत."

मी एका लेखात वाचलं की अमेरिकेत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा डिप्रेशन कमी होतं. मग मला येतोय तो संशय चुकीचा का? आणि विहीण या नात्यानं मी यात बोलणं बरं दिसेल का?
— एक विहीण, जॉर्जिया

उत्तर : ताई, तुमचा संशय मला रास्त वाटतो. वाचलंत तेही खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं लोकांपर्यंत पोचत नाही आणि त्यामुळे विहीणबाईंसारख्या कितीतरी बायका उपचारांविना राहतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२००१ ते २००३ या काळात मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभर घरोघरी मुलाखती घेऊन एक मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधीतरी मोठं डिप्रेशन येऊन गेलं, असं गोऱ्यांपैकी १७.९ टक्के लोकांच्या बाबतीत आढळलं. आफ्रिकन-अमेरिकन लोकांत ते प्रमाण १०.४ टक्के होतं, कॅरिबियन वंशाच्या कृष्णवर्णीयांत १२.९. तुमच्या लेखातला आकडा बहुधा अशाच एखाद्या पाहणीतला असणार. पण त्याच पाहणीनं पुढचा प्रश्नही विचारला होता : ज्यांना डिप्रेशन आलं, त्यांचं ते हटलं का? चिवटपणे टिकून राहिल्याचं प्रमाण गोऱ्यांत ३८.६ टक्के होतं आणि आफ्रिकन-अमेरिकन लोकांत ५६.५. शिवाय डिप्रेशन असलेल्या आफ्रिकन-अमेरिकन लोकांपैकी निम्म्यांनाही उपचार मिळाले नव्हते. म्हणजे आजार येतो कमी जणांना, पण एकदा आला की मुक्काम ठोकतो, आणि त्याला हटवायला कोणी येत नाही.

ही पाहणी सगळ्या प्रौढांची होती. उतारवयाबद्दल २०२० मध्ये आणखी नेमकी माहिती पुढे आली. ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ यांचा उपयोग तपासणारी 'व्हायटल' नावाची मोठी चाचणी बोस्टनहून चालवली गेली. तिच्यात ५५ च्या पुढच्या स्त्रिया आणि ५० च्या पुढचे पुरुष होते. त्यातल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या डिप्रेशनच्या लक्षणांची वंशानुसार तुलना झाली. उत्पन्न, शिक्षण, इतर आजार हे सगळं हिशोबात धरूनही कृष्णवर्णीयांमध्ये लक्षणांची तीव्रता सुमारे १० टक्के जास्त निघाली. आणि ज्यांची लक्षणं उपचार करण्याइतकी गंभीर होती, त्यांच्यात कोणताही उपचार चालू असण्याची शक्यता गोऱ्यांच्या तुलनेत ६१ टक्के कमी होती. हा दुसरा आकडा मी शिकाऊ डॉक्टरांना आवर्जून सांगते. कारण तो दवाखान्यात घडतो, आणि दवाखान्यात घडणारी गोष्ट बदलता येते.

हा फरक रक्तातून येतो का, असं लोक मला विचारतात. तसा काही पुरावा मी पाहिलेला नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांना वर्षानुवर्षं भेटत राहिलेला 'स्वान' नावाचा अभ्यास अमेरिकेतल्या सात ठिकाणी चालतो. गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी वंशाच्या स्त्रिया त्यात आहेत. नुसती टक्केवारी काढली तेव्हा या गटांत बरंच अंतर दिसलं. पण पैशाची ओढाताण, शिक्षण, तब्येत, मनावरचा ताण यांचा हिशोब मांडल्यावर ते बरंचसं विरून गेलं. अर्लीन जेरोनिमस या संशोधिकेनं १९९२ मध्ये मांडलं की सततचा भेदभाव आणि ओढाताण यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांची शरीरं वयाच्या आधीच झिजतात. उन्हापावसात उभं असलेलं लाकूड घरातल्या लाकडाआधी कुजावं, तसं. विहीणबाईंचा रक्तदाब, मधुमेह, दुखणारे सांधे हे सगळं मनापासून वेगळं काढून बघू नका. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या एका फार मोठ्या अभ्यासात ९३ हजारांहून अधिक जणींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांच्यात डिप्रेशनची लक्षणं होती त्यांचा हृदयविकारानं मृत्यू होण्याचा धोका जास्त दिसला. रक्तदाब असलेल्या बाईच्या मनाकडे दुर्लक्ष करणं, हे तिच्या हृदयाकडे दुर्लक्ष करणंच आहे.

आता मोजमापाबद्दल थोडं. डिप्रेशन तपासायची एक जुनी वीस प्रश्नांची यादी आहे, १९७७ पासून वापरात असलेली. तिच्यात "लोक माझ्याशी तुसडेपणानं वागले" आणि "लोकांना मी आवडत नाही असं वाटलं" अशी विधानं आहेत. बाकी मनःस्थिती सारखीच असलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वृद्धांची तुलना केली, तर कृष्णवर्णीय या दोन विधानांना बरेच जास्त वेळा होकार देतात, असं संशोधकांना आढळलं. दुकानात शिरल्यापासून जिच्यामागे पहारेकरी फिरतो, तिनं दुसरं काय लिहावं? ते तिचं आजारपण नाही, तिचा अनुभव आहे. उलटही होतं. "उदास वाटतं का?" या प्रश्नाला सरळ "नाही" असं उत्तर येतं आणि कागदावर शून्य पडतं.

म्हणून मी माझ्या रुग्णांना रविवारबद्दल विचारते. एक आजी खांदेदुखीसाठी आमच्याकडे पाठवल्या गेल्या होत्या, फॉर्मवर सगळी उत्तरं ठणठणीत. रविवारी काय करता म्हटल्यावर कळलं की वर्षानुवर्षं त्या चर्चमध्ये पांढरा पोशाख आणि पांढरे हातमोजे घालून दाराशी उभ्या राहायच्या, आलेल्यांना जागेवर नेऊन बसवायच्या. ते बंद झालं होतं. कारण काय, तर पाय दुखतात. पण पाय तपासले तर त्यांत काही नव्हतं. कपाटातला पोशाख इस्त्री करायचंच जिवावर यायचं. तिथून पुढे आम्ही खऱ्या गोष्टीवर आलो. तुमच्या पत्रातही मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर ते कॉयर सुटणं. पाठदुखी आणि झोप यांना वीस कारणं असू शकतात. पण जी बाई आयुष्यभर गात आली, ती घशाचं निमित्त करून घरी बसते आणि घसा मात्र कोणाला दाखवत नाही, तेव्हा नीट लक्ष द्यायला हवं.

सुनेचं "आई खंबीर आहे" हे वाक्य खरंच आहे, आणि तिथंच अडचण आहे. शेरिल वुड्स-गिस्कोम्बे या परिचारिका-संशोधिकेनं २०१० मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांशी बोलून हा ताण फार नेमका मांडला. सतत बळकट दिसायची जबाबदारी, भावना आत दाबणं, कोणावर अवलंबून राहायला नकार, अपुऱ्या साधनांत यश मिळवायचा हट्ट, आणि आधी इतरांचं, मग आपलं. यानं घरं तरली आहेत, मुलं शिकली आहेत, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही. पण झोप उडणं, कोंडलेली चिडचिड, न जेवणं, ही किंमतही त्याचीच.

डॉक्टरांकडे जायला त्या का कचरत असतील, तेही लक्षात घ्या. आज ७२ वर्षांच्या असलेल्या आणि दक्षिणेत वाढलेल्या कृष्णवर्णीय बाईच्या लहानपणी इस्पितळांतले वॉर्ड रंगानुसार वेगळे होते. १९६६ मध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सुरू झालं, आणि भेदभाव करणाऱ्या इस्पितळाला सरकारी पैसा मिळणार नाही असं ठरलं, तेव्हा कुठं त्या भिंती पडू लागल्या. त्यांच्या ऐन तारुण्यात, १९७२ मध्ये, शेजारच्या अलाबामातल्या टस्कीगीचं प्रकरण उघड झालं. सरकारी आरोग्य खात्यानं १९३२ पासून चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नव्हतं. आमच्या मानसोपचाराचा इतिहासही असाच लाजिरवाणा आहे. १८५१ मध्ये एका डॉक्टरनं गुलामांचं पळून जाणं हा मनोविकार असल्याचं गंभीरपणे लिहून ठेवलं. आजही, मूळ आजार मनःस्थितीचा असताना, कृष्णवर्णीय रुग्णांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. त्यात देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांपैकी जेमतेम दोन टक्के कृष्णवर्णीय. तेव्हा विहीणबाईंचा अविश्वास हा अडाणीपणा समजू नका. तो त्यांनी पाहिलेल्या जगातून आला आहे.

बोलणं बरं दिसेल का, याचं माझं उत्तर : दिसेल, पण क्रम पाळा. आधी सुनेशी बोला, मुलामार्फत नको, स्वतः. "तुझी आई कमकुवत झाली" असं तिच्या कानावर पडता कामा नये. तुम्ही पाहिलं ते तसंच सांगा : पहाटेची जाग, दोन घास, कॉयर. मुलीला वगळून थेट आईकडे गेलात, तर दोघी दुखावतील.

विहीणबाईंशी बोलताना आजाराच्या नावानं सुरुवात करू नका. दोघी मिळून काहीतरी काम करत असताना विचारा, पूर्वी ज्या गोष्टींत जीव रमायचा त्यात हल्ली रमतो का? गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मन खचल्यासारखं वाटलं? आम्ही दवाखान्यात पहिले दोन प्रश्न हेच विचारतो. यजमानांबद्दल बोला, त्यांचं नाव घेऊन बोला. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला सगळे घाबरतात आणि विधवा बाई एकटी पडते. दोन वर्षांनंतरही दुःख पहिल्या दिवसाइतकंच ओलं असेल, तर तोही एक वेगळा, उपचार करता येणारा त्रास असू शकतो. आणि "जगणं नको वाटतं का?" हेही विचारा. वयस्क कृष्णवर्णीय स्त्रियांत आत्महत्येचं प्रमाण या देशात अगदी कमी आहे, तरीही विचारा. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते भरत नाही. उत्तर "हो" आलं तर त्याच वेळी ९८८ या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनला फोन करा, त्यांना एकटं सोडू नका, आणि घरात यजमानांची बंदूक असेल तर ती तिथून हलवण्याची व्यवस्था सुनेला करायला सांगा.

तसं काही नसेल तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, शक्यतो सून बरोबर असू दे. मेडिकेअर वर्षातून एकदा डिप्रेशनच्या तपासणीचे पैसे भरतं, २०११ पासून. डॉक्टर मेडिकेअरचे दर मान्य करणारे असले तर खिशातून काही जात नाही. थायरॉइड, बी-१२, रक्तक्षय तपासून घ्या, झोपेत श्वास अडकतो का तेही बघायला सांगा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या बाटल्या पिशवीत घालून न्या. मग स्पष्ट शब्दांत विचारा : तुमच्याकडे 'कोलॅबरेटिव्ह केअर' आहे का? यात नेहमीच्याच दवाखान्यात एक केअर मॅनेजर रुग्णाच्या सतत संपर्कात राहते आणि मानसोपचारतज्ज्ञ पाठीमागून सल्ला देतात. साठीच्या पुढच्या १,८०१ रुग्णांवर याची चाचणी झाली. वर्षभरानं लक्षणं निम्म्यानं किंवा त्याहूनही जास्त घटलेल्यांचं प्रमाण या पद्धतीत ४५ टक्के होतं, एरवीच्या उपचारांत १९ टक्के. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वृद्धांनाही गोऱ्यांइतकाच फायदा झाला. २०१७ पासून मेडिकेअर याचेही पैसे देतं.

गोळ्यांना त्या नको म्हणाल्या तर जबरदस्ती करू नका. बोलण्याच्या उपचारांनाही तेवढंच महत्त्व आहे. फिलाडेल्फियात २०८ वयस्क आफ्रिकन-अमेरिकन लोकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. समाजसेविका त्यांच्या घरी जायच्या, चार महिन्यांत जास्तीत जास्त दहा भेटी. ताण कशाचा आहे ते ऐकायच्या, लागेल त्या सरकारी मदतीशी जोडून द्यायच्या, आणि पूर्वी आवडणारी एखादी गोष्ट पुन्हा हळूहळू सुरू करून द्यायच्या. लक्षणं खरोखर कमी झाली. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात बाईला आधी आपल्या दारात बोलावलं नाही, तिच्या दारात लोक गेले. तुमच्या भागातल्या वृद्ध सेवा केंद्रात असं काही चालतं का, ते विचारा. त्यांच्या चर्चच्या पास्टरना, म्हणजे धर्मगुरूंनाही सामील करून घ्या. ते स्वतः "डॉक्टरकडे जा" म्हणाले तर श्रद्धा की उपचार असा पेच उरत नाही.

आणि ताई, त्या नातवाचं बघा. ७२ व्या वर्षी नऊ वर्षांचं मूल वाढवणं हे पूर्णवेळ काम आहे. आठवड्यातले दोन दिवस त्याला शाळेतून आणणं, संध्याकाळचा अभ्यास, जेवण, हे तुम्ही दोघांनी घेतलंत, तर ती मदत त्या नाकारणार नाहीत. आजी-आजोबांनी नातवाला सांभाळणं हा तुमचा हक्कच आहे, असं म्हणून घ्या. गुरुवारी संध्याकाळी किंवा जेव्हा कधी कॉयरची तालीम असते, तो दिवस त्यांतला एक असू दे.

प्रश्न : माझी आई ७० वर्षांची, ग्रीन कार्डावर दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. दवाखान्यात तिला डिप्रेशनचा इंग्रजी फॉर्म दिला, मीच तिच्या वतीनं भरला. मदतनीस म्हणाली, काळजी नको, आशियाई स्त्रियांमध्ये हे प्रमाण सगळ्यात कमी असतं. खरं का?
— न्यू जर्सी

उत्तर : त्या वाक्यावर विसंबू नका. असे आकडे कोणाकडे पाहून काढलेत ते बघा : वर सांगितलेल्या 'स्वान' अभ्यासात आशियाई म्हणून ज्या स्त्रिया होत्या, त्या चिनी आणि जपानी वंशाच्या. मराठी आई त्यात कुठेच नव्हती. 'आशियाई' या एका रकान्यात अर्ध्या जगाच्या बायका कोंबल्या जातात आणि मग सरासरी काढली जाते.

फॉर्म मात्र पुन्हा भरून घ्या, आणि या वेळी तुम्ही खोलीबाहेर थांबा. लेकीसमोर कोणती आई लिहील की या घरात मला एकटं वाटतं? सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना दुभाष्या फुकट द्यावा लागतो, तो फोनवरही चालतो. भेटीची वेळ ठरवतानाच मराठी दुभाष्या मागा. या प्रश्नावलीची भारतीय भाषांमध्ये भाषांतरं झालेली आहेत, तीही मागून बघा.

मेडिकेअरसाठी तिला ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं इथं काढावी लागतील, त्यानंतर महिन्याचा हप्ता भरून दवाखान्याच्या खर्चाचा 'पार्ट बी' विकत घेता येईल. तोवर विमा नसेल तर उत्पन्न पाहून फी ठरवणारी सरकारी अनुदानाची आरोग्य केंद्रं असतात, तिथं जा.

प्रश्न : डिप्रेशनच्या गोळ्यांची उतारवयात सवय लागते का?
— टेक्सास

उत्तर : नेहमी दिल्या जाणाऱ्या डिप्रेशनच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. पण त्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागते ती झोपेसाठी आणि घाबरेपणासाठी देतात त्या काही गोळ्यांची. त्यांनी तोल जाऊन पडायची भीती असते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना त्या शक्यतो टाळाव्यात. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, वयस्क माणसाला कधी त्याहून जास्त. तेव्हा पंधरा दिवसांत सोडू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि वयस्क स्त्रियांचं सोडियम या गोळ्यांनी कधीकधी खाली येतं, त्यामुळे सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एकदा रक्त तपासून घ्या. मधेच गोंधळल्यासारखं झालं, तोल जाऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.